पांढरं अस्तर

त्या गल्लीत तिला सगळे सूनबाई म्हणायचे. सासऱ्यांनी म्हणावं ते ठीक. पण समोरचा घड्याळवाला म्हणायचा, कोपऱ्यावरचा चावीवाला म्हणायचा, आणि टपाल घेऊन येणारा, जो तिच्या पोराच्या वयाचा असेल, तोही खुशाल दारातून ओरडायचा, "सूनबाई, सही!" एकदा तर तिच्या नवऱ्यानंच चार माणसांत "सूनबाई, चहा टाकतेस का?" अशी हाक मारली आणि मग दिवसभर तिच्या नजरेला नजर दिली नाही.

याचं कारण म्हणजे दुकान सासऱ्यांचं. जुन्या नाण्यांचं. खरेदी-विक्री त्यात बेताचीच, खरं काम प्रत लावायचं. कुणाच्या आजोबांच्या कपाटात नाणं सापडलं, कुणाला विकायचंय, कुणाला वाटणी करायचीय, की नाणं इथं यायचं. खरं आहे का, आणि किती झिजलंय, ते बघून दर्जा सांगायचा, की झालं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. जुनं नाणं एक अक्षर बोलत नाही, आणि ज्याचं असतं तो माणूस बोलायचं थांबत नाही. या दोघांच्या मधे बसून खरं काय ते काढायचं असतं.

म्हाताऱ्यानं प्रतींना स्वतःची नावं ठेवली होती. टाकसाळीतून निघालं तसंच राहिलं ते 'कोरं'. एखाददुसरं बोट लागलेलं ते 'ताजं'. त्याखाली 'हाताळलेलं'. बाजारात हातोहात फिरून आलेलं ते 'चाललेलं'. त्याहून झिजलेलं 'दमलेलं', आणि ज्याचं नाक, डोळे काहीच उरलं नाही ते 'आंधळं'. प्रत कागदावर लिहून द्यायची या दुकानाची रीतच नव्हती. नाणं एका लहान लाकडी पेटीत घालून द्यायचं, आणि पेटीच्या आतल्या कापडाचा रंग म्हणजे प्रत. कोऱ्याला पांढरं अस्तर, ताज्याला पिवळं, हाताळलेल्याला निळं, चाललेल्याला तपकिरी. दमलेल्याला आणि आंधळ्याला पेटी नाही, नुसती कागदाची पुडी. पांढऱ्या अस्तराची पेटी घरात असणं म्हणजे लोकांना मोठी मिरवायची गोष्ट वाटायची.

सूनबाई या घरात आली तेव्हा तिला नाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच वर्षी एकदा ती चहा घेऊन दुकानात गेली. सासरे भिंगातून एक नाणं बघत बसले होते आणि पुटपुटत होते, "नाक गेलंय. दमलेलं." तिनं कप खाली ठेवला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, नाक गेलं नाहीये. ते आलंच नव्हतं."

म्हाताऱ्यानं मान वर करून तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर कपबशी टाकून पळाली असती. ही उभीच. "गालावर जी चमक आहे तीच नाकावर आहे," ती म्हणाली. "घासून गेलं असतं तर तिथं मंद पडलं असतं ना? छाप मारतानाच हात हलका पडलाय कुणाचा तरी." म्हाताऱ्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी त्याच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल आलेलं होतं. "कानामागून आली अन् तिखट झाली," असं नवऱ्याची आत्या म्हणाली, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

नवऱ्याचं म्हणाल तर त्याला पिवळं तेवढं सोनं. तो बस चालवायचा आणि त्यात सुखी होता.

पुढं म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की त्याचे कानसुद्धा बंद व्हायचे. खिडकीचं स्टूल सूनबाईकडे आलं, भिंग तिच्याकडे आलं, नाणी तोलायचा ताजवा तिच्याकडे आला. एक गोष्ट मात्र त्यानं सोडली नाही. अस्तर तोच कापायचा. आतल्या खोलीत आरामखुर्चीवर बसून, बोटांनी चाचपत, जुन्या कात्रीनं. ती येऊन सांगायची, "बाबा, निळं." तो कापायचा, पेटीत चिकटवायचा, अंगठ्यानं दाबायचा. आणि त्याचा एक नियम होता, तो सगळ्या बाजाराला ठाऊक होता. आपण प्रत लावलेलं नाणं पुन्हा बघायचं नाही. "दिलेली प्रत आणि गिळलेला घास," तो म्हणायचा, "परत बाहेर काढायचा नसतो."

तर अशा या दुकानात एक दिवस एक भाऊ आणि बहीण आले.

भाऊ पुढं, बहीण मागं. भावाचा गॉगल डोळ्यांवर नव्हता, डोक्यावर होता, आणि फोन हातात होता. बहिणीच्या हातात कापडी पिशवी. तिचे हात धुण्याभांड्यांनी खरखरीत झालेले. भावानं खिशातून लाकडी पेटी काढून टेबलावर ठेवली. सूनबाईनं पेटी लांबूनच ओळखली, त्यांचीच होती.

"हे आमच्या बाबांनी इथूनच घेतलं होतं," भाऊ म्हणाला. "आईसाठी. आई दोन महिन्यांपूर्वी गेली. आता आम्हाला हे विकून वाटणी करायचीय. तुम्ही फक्त बघून सांगा, कोरं आहे का. म्हणजे असायलाच हवं. पांढरं अस्तर आहे."

पेटी उघडली. अस्तर पांढरं होतं खरं, जरासं पिवळट पडलेलं. नाणं सोन्याचं, एका बाजूला कुरळ्या केसांचा, दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. सूनबाईनं ते काठाला धरून उचललं, खिडकीकडे तिरकं केलं, आणि पुन्हा एकदा तिरकं केलं. राजाचे कुरळे केस सपाट झाले होते. दाढी म्हणजे नुसता डाग. कोरं तर सोडाच, ते हाताळलेलंही नव्हतं.

"हे चाललेलं आहे," ती म्हणाली.

भावानं तिच्याकडे नाही, बहिणीकडे बघितलं. "बघ," तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? घरीच बघून मला शंका आली होती."

"दादा, मी सांगितलं ना तुला." बहिणीचा आवाज अगदी बारीक होता. "आई हातात धरून बसायची. सारखी."

"हातात धरून सोनं झिजतं होय! मग बायकांच्या बांगड्या उरल्या असत्या का?" तो सूनबाईकडे वळला. "मॅडम, पाच वर्षं आई अंथरुणावर होती. घरात ही एकटी. कपाटाची किल्ली हिच्याकडे. आणि आता पांढऱ्या अस्तरात झिजकं नाणं. तुम्हीच सांगा, काय समजायचं?"

बहीण नुसती पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळत राहिली. भांडखोर बाई असती तर तिनं दुकान डोक्यावर घेतलं असतं, आणि सूनबाईला ते सोपं गेलं असतं. हिचं गप्प बसणं बघवेना.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते, पण कान मांजराचे. तो दारात येऊन उभा राहिला. "जहाजवालं?" त्यानं विचारलं. "दाढीवाला राजा? आठवतंय. पांढरं अस्तर मी लावलं म्हणजे ते कोरं होतं. यात बदल नाही."

"मग आता ते झिजकं कसं काय, काका?" भावानं विचारलं.

"आता जे आहे ते कोरं नसेल, तर ते माझं नाणं नव्हे. दुसरं आहे. सरळ हिशेब आहे." एवढं बोलून म्हातारा वळला आणि आत गेला.

उचलली जीभ लावली टाळ्याला! सूनबाईला इतका राग आला की कानशिलं गरम झाली. नाणं हातात न घेता, एका बाईला चोर ठरवून हा माणूस आरामखुर्चीत जाऊन बसला. म्हणजे याची प्रत चुकायची नाही, म्हणून हिनं चोर व्हायचं!

"ऐकलंस?" भाऊ बहिणीला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "मावशीला, सगळ्यांना मी हेच सांगणार. नाणं कुठं आहे ते सांग, नाहीतर आजपासून मला बहीण नाही."

"थांबा," सूनबाई म्हणाली. "नाणं इथं राहू द्या. परवा सकाळी दोघांनी या. तोवर कुणी कुणाला काही सांगायचं नाही. मावशीलाही नाही."

"पण तुम्ही तर प्रत सांगितलीत."

"प्रत सांगितली. कारण सांगितलं नाही. कारणासकट हवी असेल तर परवा या. नको असेल तर हे घ्या नाणं आणि बाजारात दुसरं दुकान शोधा. मिळालं तर मलाही पत्ता द्या." भाऊ गॉगल डोळ्यांवर ओढून निघून गेला. बहीण दारात क्षणभर थांबली. "मी नाही हो बदललं," एवढंच म्हणाली आणि गेली.

आता सूनबाईचा हट्ट माहीत नसलेल्यांना सांगायला हवं. ही बाई एकदा दुकानाच्या कुलपाची अडकलेली किल्ली चावीवाल्याला न बोलावता काढायची म्हणून अख्खी दुपार पायरीवर बसून होती, आणि चावीवाला समोर उभा राहून हसत होता. किल्ली तिनंच काढली. अशी ती. मनात घेतलं की घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं इतर सगळी कामं बाजूला सारली आणि ते नाणं घेऊन खिडकीशी बसली. आधी ताजव्यात टाकलं. असायला हवं त्यापेक्षा किंचित हलकं, म्हणजे झिजलंय यात वाद नाही. खोटं नाही, ओतीव नाही. काठावर सोनारानं डाग देऊन जोडल्याची खूण नाही, म्हणजे दागिन्यात बसवलेलं नाही. पावडरीनं घासून चकचकीत केलेलंही नाही, तसं केलं की बारीक रेघा दिसतात, इथं एकही रेघ नव्हती.

मग तिनं ते उलटं केलं आणि चमकली. जहाज ताजं होतं. शिडाच्या दोऱ्या एकेक मोजाव्यात इतक्या स्पष्ट. बाजारात चाललेलं नाणं काय एकाच पायानं चालतं? दोन्ही बाजू झिजायला हव्यात. शिवाय नाणी नाण्यांवर आपटतात तेव्हा बारीक बारीक टोचे पडतात. या राजाच्या गालावर एक टोचा नव्हता. गाल नुसता मऊ झाला होता. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे फक्त उंचवटे झिजले नव्हते, केसांमधल्या खाचाही भरून आल्यासारख्या गुळगुळीत होत्या. नाण्यावर नाणं घासलं तर उंच असेल तेच झिजतं. खळग्यात शिरेल असं काहीतरी यावर फिरलं होतं, आणि ते मऊ होतं.

झीज सगळीकडे सारखीही नव्हती. राजाच्या मानेपासून कपाळापर्यंत एक कोयरीसारखा आकार होता, एका टोकाला खोल आणि रुंद, दुसऱ्या टोकाला वळत वळत निमुळता होत गेलेला. त्या आकाराबाहेर, काठाला लागून, टाकसाळीची चमक जशीच्या तशी होती. तो कोयरीचा आकार बघत ती संध्याकाळपर्यंत बसली. बहीण खरं बोलतेय असं मन म्हणत होतं, पण मनाला भिंग नसतं. भावाच्या पुढ्यात मन ठेवून चालणार नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला, चहा प्यायला बसला आणि सवयीनं खिशातून बसच्या किल्ल्या काढून एका हातात खेळवायला लागला. किल्ल्यांना डेपोचा पितळी बिल्ला होता. तिनं सहज बघितलं आणि कप तसाच खाली ठेवला.

"अहो, यावरचा आकडा कुठं गेला?"

"कुठला? हां, तो. तो अंगठ्यानं खाल्ला." नवरा हसला. "सिग्नलला उभा असलो की घासत बसतो. त्याशिवाय चैन पडत नाही."

"द्या इकडे."

"अगं, चहा तरी..."

पण बिल्ला तिच्या हातात गेलाही होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा! दिवसभर ती भिंग घेऊन डोकं फोडत होती आणि उत्तर नवऱ्याच्या खिशात खुळखुळत होतं. बिल्ल्यावर तीच कोयरी होती. एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला वळून निमुळती. खाचा गुळगुळीत. मागची बाजू जवळजवळ नवी, कारण ती बोटाच्या पेरावर नुसती टेकलेली असते, हलत नाही. हलतो तो अंगठा.

तिनं नाणं आणि बिल्ला शेजारी शेजारी ठेवले. आणि मग तिच्या लक्षात आलं की काहीतरी बसत नाहीये. बिल्ल्यावरची कोयरी एकीकडे वळत होती, नाण्यावरची दुसरीकडे. तिनं बिल्ला फिरवला. पुन्हा फिरवला. एका पायाचा बूट कसा, कितीही फिरवला तरी दुसऱ्या पायाचा होत नाही, तसं झालं.

"बुटांचं पॉलिश कुठं ठेवलंय?" तिनं विचारलं.

"आता पॉलिश कशाला?"

"विचारू नका. आणा."

तिनं दुकानातला एक साधा पितळी बिल्ला घेतला, त्यावर काळं पॉलिश फासलं, उजव्या हातात धरला आणि अंगठा फिरवला. नवऱ्यासारखीच कोयरी उमटली. पुसून पुन्हा पॉलिश लावलं. या वेळी डाव्या हातात धरला. अंगठा फिरवला, उचलला, आणि बिल्ला नाण्याशेजारी ठेवला. हुबेहूब. ती इतक्या मोठ्यानं "सापडलं!" म्हणून ओरडली की नवऱ्याचा चहा सांडला.

ती तशीच काळ्या अंगठ्यानं आतल्या खोलीत गेली. "बाबा, नाणं एकदा हातात घ्या."

"कुठलं?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठलं."

"प्रत लावून झाली आहे त्याची. माझा नियम तुला नवीन नाही."

"नियम नाण्यांसाठी आहे. इथं एका बाईवर चोरीचा आळ आलाय, आणि तो तुमच्या तोंडून आलाय."

"मी कुणाला चोर म्हटलं नाही."

"'दुसरं आहे' म्हणालात. मग पहिलं कुणी घेतलं? हवेनं?" म्हातारा मांडीवरची कात्री चाचपत राहिला. तिनं वाट बघितली. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही घेऊ नका. पण बाबा, पहिल्या वर्षी मी नाक आलंच नव्हतं म्हटलं तेव्हा तुम्ही भिंग पुन्हा डोळ्याला लावलं होतंत. म्हणून मी त्या स्टुलावर बसले. नसतंत लावलं तर मी आजही चहाच आणत असते." म्हाताऱ्यानं मान भिंतीकडे वळवली. ती निघून आली. तिला वाईट वाटलं, पण बोलल्याचा पश्चात्ताप मुळीच झाला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी भाऊ आला, बहीण आली. सूनबाईनं दोघांना खिडकीशी बसवलं. नाणं, नवऱ्याचा बिल्ला आणि पॉलिशचा बिल्ला ओळीनं मांडून तिनं सगळं दाखवलं. भाऊ हुशार होता, त्याला कोयरी लगेच दिसली. पण तो मागं रेलून बसला.

"म्हणजे कुणीतरी अंगठ्यानं घासलंय. मान्य. पण कुणी? बाजारात असं घासलेलं नाणं मिळालं असेल, ते हिनं आणून ठेवलं असेल."

"घासलंय ते डाव्या अंगठ्यानं," सूनबाई म्हणाली. "म्हणून एकच विचारते. तुमच्या आई डावखुऱ्या होत्या का?"

भाऊ ताडकन सरळ झाला. "मुळीच नाही! आमची आई पक्की उजवी. लहानपणी तिच्या उजव्या हाताच्या किती चापट्या खाल्ल्यात मी!" त्यानं बहिणीकडे बघितलं. "चला, खोटं उघडं पडलं. विचारा हिला. विचारा!"

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. क्षणभर तिला वाटलं, आपणच या बाईच्या गळ्यात दोर टाकला. तिनं बहिणीकडे बघितलं. बहीण खाली मान घालून बसली होती. पिशवीचे बंद बोटांना इतके घट्ट गुंडाळले होते की बोटं पांढरी पडली होती.

"ताई," सूनबाई हळू म्हणाली. "त्या कुठल्या हातात धरायच्या?"

"डाव्या."

"उजवा असताना डाव्यात का धरेल ती?" भाऊ म्हणाला.

"उजवा नव्हताच, दादा." बहिणीनं मान वर केली. "तिची कंबर मोडली त्याच्या पुढच्या वर्षी उजवा हात लुळा पडला. बोट हलत नव्हतं."

"काहीही सांगू नकोस. मी दर वर्षी येत होतो. मला दिसलं नसतं?"

"तुला दिसू द्यायचं नाही म्हणून तिनं मला शपथ घातली होती. तू येणार असलास की सकाळपासून एकच, तो हात चादरीखाली घाल, नीट घाल, उशी ठेव. त्याला कळलं तर नोकरी सोडून येईल म्हणायची, नाहीतर तिकडे झुरत बसेल. तू यायच्या आधी मी तिला भरवून घ्यायचे."

भावाचं तोंड उघडं राहिलं. "ती म्हणायची," तो थांबला. "ती प्रत्येक वेळी म्हणायची, मी मघाशीच जेवले, तू जेव."

"हो."

"मी येईन तेव्हा प्रत्येक वेळी..."

"हो, दादा."

बहीणच बोलत राहिली, इतके दिवस अडकलेलं एकदाचं सुटल्यासारखी. "बाबांनी कधी त्या पेटीला हात लावू दिला नाही. बाबा गेल्यावर ती म्हणाली, आयुष्यभर नुसती पेटी बघितली, आता नाणं बघू दे. मी काढून दिलं. तिला ते हातात बरं वाटायचं. मला काय ठाऊक ते झिजतं म्हणून! दुखायला लागलं की जोरात घासायची. तू येणार असलास की त्याहून जोरात."

काठी वाजली. म्हातारा दारात होता. किती वेळ होता देव जाणे. तो भिंत धरत टेबलापर्यंत आला आणि त्यानं हात पुढं केला. "दे."

सूनबाईनं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं राजाकडे लक्षच दिलं नाही. नाणं काठाला धरलं आणि अंगठ्याचं नख काठावरून हळूहळू फिरवत नेलं, जहाजाच्या डोलकाठीवरून पुढं, आणि एका जागी नख अडकलं. तिथं एक इतकी बारीक खोच होती की सूनबाईच्या भिंगातूनही ती निसटली होती. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"टाकसाळीतली खोच आहे ही," तो म्हणाला. "हिच्यापायी मी तेव्हा दोन दिवस पांढरं की पिवळं करत बसलो होतो. हेच नाणं. माझंच." मग बहिणीचा अंदाज घेत तो वळला. "बाई, मी न बघता बोललो. तुम्हाला चोर केलं. चूक माझी. नाणं काल हातात घ्यायला हवं होतं, परवाच घ्यायला हवं होतं." सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं हात जोडले, आणि डोळ्यांना नीट दिसत नसल्यानं ते जरा बाजूलाच जोडले गेले. बहिणीनं उठून ते धरून खाली केले.

भाऊ अजून टेबलाकडेच बघत होता. खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "मग आता प्रत काय याची?"

इथं एखादीनं मन मोठं केलं असतं. काहीतरी गोड बोलून एक पायरी वर चढवली असती. सूनबाईनं ते केलं नाही. "प्रत तीच. चाललेलं. नाण्याची प्रत झिजलेल्या बाजूवरून लागते, आणि झीज कुणाच्या हातची आहे ते बघून ती बदलत नाही."

"चाललेलं!" बहीण म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "अहो सूनबाई, आमची आई पलंगावरून खाली उतरली नाही हो."

म्हाताऱ्यानं खिशात हात घातला. जुनी कात्री काढली आणि चाचपत टेबलावर, सूनबाईच्या बाजूला ठेवली. "आजपासून अस्तर तू काप," तो म्हणाला. "आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरला फोन लाव. आजच लाव, उद्या माझं मत बदलेल."

तिनं कात्री उचलली. पेटीतलं पांढरं अस्तर सोलून काढलं, तपकिरी कापड घेतलं, मापानं कापलं आणि चिकटवलं. कोपरे अंगठ्यानं दाबले. मग पेटी भावापुढं सरकवली.

त्यानं नाणं उचललं होतं. उजव्या हातात. अंगठा राजाच्या गालावर ठेवून तो थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवत होता, आणि तो कुठंच नीट बसत नव्हता. मग त्यानं नाणं डाव्या हातात घेतलं. अंगठा त्या खोलगट जागेत जाऊन बसला, जणू ती जागा त्याच्यासाठीच राखलेली होती. गॉगल डोक्यावरून घसरून मांडीवर पडला, त्याला कळलंही नाही.

शेवटी त्यानं बहिणीचा हात ओढून घेतला, नाणं तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

"पेटी राहू द्या, सूनबाई," तो म्हणाला. "हे विकायचं नाही."